दिवसा झोपणाऱ्यांची गादी

आमच्या दाराच्या घंटीला आईने एक फडकं बांधून ठेवलं होतं. कोणी बटण दाबलं तर ती वाजायची नाही, नुसती गुरगुरायची. ते गुरगुरणं माझ्या कानावर पडेपर्यंत आलेला माणूस कंटाळून जिना उतरलेला असायचा. शाळेतल्या मैत्रिणी मला शिष्ट समजायच्या, कारण मी कुणालाच घरी बोलवायची नाही. बोलवणार कशी? आमच्या घरात दिवसा माणूस झोपलेलं असायचं.

आई इस्पितळात नर्स, आणि पाळी कायमची रात्रीची. बाबा फार लवकर गेले. रात्रपाळीला भत्ता मिळतो आणि त्या भत्त्यावर आपलं घर चालतं, एवढं मला कुणी न सांगताच कळलेलं होतं. सकाळी ती यायची, उभ्या उभ्या चहा प्यायची, खिडकीवर काळा पडदा ओढायची आणि आडवी व्हायची. शाळेतून मी परतायचे तेव्हा तिची झोप कशीबशी लागलेली असायची. मग मी बूट दाराबाहेर काढायचे आणि माझ्याच घरात चोरासारखी चवड्यांवर शिरायचे. भांड्याला भांडं लागू न देता घासायला मी शिकले. कपात चमचा न वाजवता साखर ढवळायला शिकले. शिंक आली की तोंड उशीत. मला आजही मोठ्याने हसता येत नाही. हसू आलं की नुसते खांदे हलतात, आवाज आतच राहतो. यावरून लोक मला समजूतदार म्हणतात. समजूतदार कसली डोंबलाची! खाली गल्लीत सगळी पोरं धाडधाड पळायची आणि मी खिडकीशी बसून आतल्या आत धुमसत असायचे.

बरं, एवढं करून आई झोपायची का? छे. वरच्या मजल्यावरच्या माणसाला भिंतीत खिळे ठोकायचं व्यसन होतं. समोर गॅरेज होतं, तिथे दिवसभर इंजिनं खाकरायची. आई कूस बदलायची, उसासा टाकायची, जरा डोळा लागतो न लागतो तोच दचकून उठायची. आणि उठल्या उठल्या तिचं वाक्य ठरलेलं, "किती वाजले गं?" दुसरं काही ती कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. एकदा शाळेत स्वप्नांवर निबंध लिहायचा होता म्हणून मी तिला विचारलं, तुला कसली स्वप्नं पडतात? ती केस बांधता बांधता म्हणाली, "मला नाही बाई पडत. तेवढं खोल जायला होतच नाही."

मी वस्तूंचं डिझाइन शिकायला घेतलं तेव्हाच आमच्या दोघींचं ठरलं होतं. मला कायमची नोकरी लागली की आई रात्रपाळी सोडणार आणि दिवसाच्या वॉर्डात जाणार. तिथे भत्ता नाही, पण रात्र आपली. ती हे हसत हसत म्हणायची. मी मात्र ते मनात अगदी गाठ मारून ठेवलं होतं.

शेवटच्या वर्षाला मला इंटर्नशिप मिळाली ती गाद्या बनवणाऱ्या एका अवाढव्य कंपनीत. केवढी मोठी, तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला आत छोटी गाडी फिरायची. एका इमारतीत स्प्रिंगा वळायच्या, दुसरीत फोम फुगायचा, तिसरीत शिलाईयंत्रांच्या रांगा खडखडायच्या. मला वाटलं, मला यातलंच काहीतरी देतील. पण पहिल्या दिवशी स्वागतकक्षातल्या बाईंनी माझ्या पत्रावर नजर टाकली आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही वर जा. झोपेच्या मजल्यावर."

वर लिफ्टचं दार उघडलं ते आवाज न करता. समोर फरशीचा लांबच लांब रस्ता, त्याच्या टोकाला बुटांची मांडणी आणि शेजारी जाड लोकरी सपातांची टोपली. मी सपाता चढवल्या, आतलं दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकले. बाहेर टळटळीत दुपार होती आणि आत संध्याकाळ. मधाच्या रंगाचा उजेड कुठून येतोय ते कळत नव्हतं. जमिनीवर पाऊल रुतेल असा गालिचा, दोन्ही बाजूंना उंच पडद्यांच्या खोल्या, आणि प्रत्येक पडद्याआड कोणीतरी झोपलेलं. सगळीकडून संथ श्वास येत होते, जात होते. फोन वाजत नव्हते, त्यांच्यावरचे दिवे फक्त लुकलुकायचे. पांढऱ्या कोटातली माणसं तरंगल्यासारखी इकडून तिकडे जात होती. मला क्षणभर वाटलं, मी आमच्याच घरात शिरले आहे. फक्त कुणीतरी आमचं घर ताणून ताणून एवढं मोठं केलंय.

इथले प्रमुख म्हणजे एक ठेंगणे, गुबगुबीत गृहस्थ. त्यांना सगळे तोंडावरसुद्धा 'कापूस' म्हणायचे आणि तेही ओ द्यायचे. त्यांचा आवाज इतका मऊ, की ते रागावले तरी समोरच्याला कळायला वेळ लागायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला मजल्याची रीत समजावली.

"झोपून बघायला जे लोक येतात त्यांना आपण झोपाळू म्हणतो. कोणी निवृत्त मास्तर असतो, कोणी शिंपी, कोणी गृहिणी. त्यांना तू निजवायचंस. आणि ज्याने निजवलं त्यानेच उठवायचं. दुसऱ्या कुणीही नाही. मोठ्या बाईंनी कंपनी काढली तेव्हापासूनचा नियम आहे हा."

"का पण?"

"डोळे उघडल्यावर समोर परकं तोंड दिसलं की माणूस सावध होतो. सावध माणूस खरं बोलत नाही. हाकसुद्धा मारायची नाही. पायावर हात ठेवायचा, वाट बघायची. उठल्यावर त्याच्या तोंडून जे पहिलं वाक्य येईल तेवढंच आपलं. दुसऱ्या वाक्यापासून तो आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलायला लागतो."

ते पहिलं वाक्य एका चिठ्ठीवर लिहून गादीच्या कोपऱ्याला टाचलेलं असायचं. यंत्रांचे आलेख वगैरे होतेच, पण गादी पुढे जाणार की मोडीत, ते त्या चिठ्ठीवर ठरायचं. मी रिकाम्या वेळात चिठ्ठ्या वाचत हिंडायचे. 'माझी पाठ कुठे गेली?' 'अजून थोडंसं.' 'बायकोला सांगू नका.' एका अतिशय महागड्या गादीवर नुसतं 'अरेरे' असं लिहिलेलं होतं.

मी त्या मजल्यावर दोन दिवसांत रुळले. इतर इंटर्न बिचारे धडपडायचे, कुणाचं पेन पडायचं, कुणी खोकायचं आणि जीभ चावायचं. मला शिकवावं असं काही नव्हतंच. कापूस एकदा मला पडद्याची कडी सरकवताना बघत उभे राहिले आणि म्हणाले, "तुला हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "आईने. झोपेत." ते हसले, अर्थात न वाजता.

हळूहळू तो संध्याकाळचा उजेड माझ्यात मुरायला लागला. बाहेर पडले की रस्ताच खोटा वाटायचा. बसचे हॉर्न, दुकानांच्या पाट्या, भांडणारी माणसं, हे सगळं कुणाच्या तरी झोपेत चाललंय आणि तो जागा झाला की पुसलं जाईल असं वाटायचं. कधी कधी मजल्यावरून चालता चालता मला पायाखाली पाणी असल्याचा भास व्हायचा. पडद्यांआडचे झोपाळू म्हणजे किनाऱ्याला बांधलेल्या होड्या, आणि मी त्यांच्यामधून कमरेएवढ्या पाण्यातून जाते आहे. एकदा तर मी भिंतीला टेकून उभ्या उभ्याच डुलकी घेतली. त्या मजल्यावर तेवढी एकच चूक माफ होती.

आम्हा इंटर्नना प्रत्येकाला एक गादी करायची होती. स्वतः सुचवायची, स्वतः घडवायची आणि शेवटच्या दिवशी मोठ्या बाईंसमोर एका झोपाळूला तिच्यावर निजवून उठवायचं. कायमची जागा एकच होती. तिच्यासाठी खरी चुरस दोघांत, मी आणि इस्त्री. इस्त्री हे त्या मुलाला मी दिलेलं नाव. त्याच्या कपड्यांनाच काय, चेहऱ्यालासुद्धा कधी चुणी पडायची नाही. तो हॉटेलांसाठी गादी करत होता. मी कागदावर लिहून दिलं, 'दिवसा झोपणाऱ्यांची गादी.'

"दिवसा कोण झोपतं?" इस्त्रीने विचारलं.

"तू हॉटेलात झोपतोस ना, तेव्हा खाली दाराशी जो जागा असतो तो," मी म्हटलं. त्याने माझा कागद पुन्हा एकदा वाचला. तसा तो वाईट नव्हता.

माझ्या गादीचा खालचा थर असा होता की जमिनीतून येणारी थरथर वर पोचू नये. समोरच्या गॅरेजसाठी तो. वरचं कापड अंगाला थंड लागणारं, दुपारच्या उकाड्यासाठी. आणि डोक्याच्या बाजूला दाट लोकरीची कड उभी केलेली, खिळे ठोकणाऱ्यासाठी. ही कड काही केल्या उभी राहीना. तळमजल्यावर एक जाडजूड रूळ गाद्यांवरून दिवसभर पुढे-मागे फिरायचा. अनेक वर्षांची झोप तो थोड्या दिवसांत झोपून दाखवायचा. त्याला सगळे लाटणं म्हणायचे. लाटण्याखालून माझी गादी दर वेळी मान टाकून बाहेर यायची. मी उसवायचे, पुन्हा शिवायचे. बोटांची चाळण झाली. आई सकाळी घरी आली की माझी बोटं बघून इस्पितळातलं मलम लावायची आणि विचारायची, "गादी करतेस की काटेरी कुंपण?" शेवटी कड उभी राहिली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी तिच्यावर आडवी होऊन पाहिलं. लाटणं शेजारीच घरघरत होतं आणि मला ते दुसऱ्या गावात चालल्यासारखं ऐकू येत होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी माझा झोपाळू आलाच नाही. निवृत्त शिंपी होते ते. त्यांना सर्दी झाली होती, आणि सर्दीवाल्याला झोपेच्या मजल्यावर मज्जाव. कापूस गाल फुगवून विचार करत राहिले आणि म्हणाले, "खरोखरच रात्रभर जागलेलं कुणी मिळालं तर उलट बरंच. आहे का कुणी?"

कुणी म्हणजे काय. मी फोन लावला. आई नुकतीच पाळी संपवून इस्पितळाच्या फाटकातून बाहेर पडत होती.

"मला तिथे येऊन काय करायचंय?" तिने विचारलं.

"झोपायचंय."

"एवढंच? त्यात काय, आलेच."

ती गणवेशातच आली. त्या मधाळ उजेडात ती फार लहान दिसत होती. लोकरी सपाता घालताना तिने खाली बसून पायमोजे वर ओढले आणि आजूबाजूच्या झोपलेल्या माणसांकडे पाहून सवयीने दबक्या आवाजात विचारलं, "यांचं सगळं ठीक आहे ना?" कापूस एकदम तिच्या प्रेमात पडले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "आईला आणू नये असा नियम नाही. पण बाई आल्या की तुलाच उठवावं लागेल हं. मला हात लावता येणार नाही."

"उठवेन की," मी म्हटलं. मला त्यात अवघड असं काहीच दिसलं नाही.

मी तिचा पिन लावलेला बॅज काढून ठेवला, केस सोडले, अंगावर पांघरूण ओढलं. तिच्या बोटाला यंत्राची वायर लावली. आयुष्यभर मी तिची झोप राखली होती, पण तिला निजवलं होतं ते त्या दिवशी पहिल्यांदाच. "आज तुला नोकरी लागायचीय ना?" तिने डोळे मिटता मिटता विचारलं. "मग मी नीट झोपते." असं म्हणून तिने कुशीवर वळून लोकरीच्या कडेला कपाळ टेकलं.

यंत्राच्या पडद्यावर एक रेषा चालू झाली. झोप जशी गहिरी होईल तशी ती खाली उतरते. आईची रेषा आधी नेहमीसारखीच वागली, जरा खाली गेली, दचकून वर आली. मी मनात म्हटलं, वरचा माणूस. पुन्हा खाली, पुन्हा वर. गॅरेज. आणि मग ती जी उतरायला लागली ती थांबेचना. मऊ जिन्यावरून कुणी पायरी पायरी उतरत जावं तशी ती उतरत होती. शेजारच्या खोलीतून इस्त्री डोकावला आणि कुजबुजला, "बिघडलं की काय?" कापूस आले, वाकून बघत राहिले. "माझ्या मजल्यावर इतकं खाली कुणी गेलेलं नाही," ते म्हणाले.

मी आईकडे पाहत बसले. तिचं तोंड किंचित उघडलं होतं. कपाळावरची आठी, जी मी तिच्या चेहऱ्याचाच भाग समजत होते, ती गेली होती. आठीखाली माझ्या आईचा हा दुसरा चेहरा इतकी वर्षं होता आणि मला माहीतच नव्हतं. मला रडूही येत होतं आणि अभिमानही वाटत होता. गादी माझी होती ना.

मोठ्या बाई आल्या तेव्हा आम्हाला पाऊल ऐकू आलं नाही, फक्त पडदा हलला. उंच, पांढऱ्या केसांच्या, पायात इतरांसारख्याच लोकरी सपाता. त्यांनी रेषा पाहिली, गादीची कड बोटाने दाबून पाहिली आणि भुवया उंचावल्या. त्यांना गादी आवडली होती. मी ते स्पष्ट पाहिलं, आणि अजूनही मला त्याबद्दल शंका नाही.

"छान," त्या कुजबुजल्या. "उठवा."

मी पायाशी गेले. पांघरूण जरा वर केलं. मोज्यांच्या पट्टीचा खोल वळ तिच्या सुजलेल्या घोट्यावर उमटला होता. मी हात पुढे केला, आणि तेवढ्यात माझी नजर तिच्या चेहऱ्यावर गेली. मिटल्या पापण्यांखाली तिचे डोळे हलत होते. इकडून तिकडे, पुन्हा इकडे, जणू काहीतरी पळत होतं आणि ती त्याच्या मागे मागे बघत होती.

"स्वप्न," कापूस म्हणाले.

माझा हात तसाच अधांतरी राहिला.

"हं," बाई म्हणाल्या. "उठवा ना."

"जरा थांबू या," मी म्हटलं. "स्वप्न संपू दे."

"मला निघायचंय. विमान आहे."

"तिला स्वप्नं पडत नाहीत हो, बाई."

"पडतंय की आता. गादी चांगली झालीय. मला फक्त पहिलं वाक्य हवंय."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण मी कुजबुजत केलं. समोरची माणसंही कुजबुजतच होती. लांबून कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, चार जणं मिळून कुणाला तरी अंगाई म्हणतायत. इस्त्री, तोच इस्त्री, माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अगं वेडे, उठव. नंतर झोपेल पुन्हा." कापूस हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "मी उठवलं असतं गं, पण मला चालत नाही." मोठ्या बाईंनी स्वतः एक पाऊल पुढे टाकलं आणि मग त्याही थांबल्या. नियम त्यांचाच होता. त्या मजल्यावर माझ्याशिवाय कुणीही माझ्या आईला उठवू शकत नव्हतं.

मला सगळं समजत होतं. पायावर एक हात ठेवायचा, बस. मग ही नोकरी, मग दिवसाचा वॉर्ड, मग तिच्या सगळ्या रात्री तिच्या. एका झोपेच्या बदल्यात हजारो झोपा. हिशोब कुणालाही कळेल. पण माझा हात त्या हिशोबाचं ऐकेना. त्याला लहानपणापासून एकच गोष्ट शिकवलेली होती. आणि पापण्यांखाली ते जे काय पळत होतं, ते अजून पळतच होतं.

"नाही उठवणार," मी म्हटलं.

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "ज्याने निजवलं त्याला उठवता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "तो कामाचाच भाग आहे, मुली." मग त्या पलीकडच्या खोलीत गेल्या. इस्त्रीने त्याच्या झोपाळूच्या पायावर हात ठेवला. ते गृहस्थ पटकन उठले आणि म्हणाले, "मऊ आहे." जागा इस्त्रीला मिळाली. पडदा सोडून माझ्याकडे येताना त्याचा चेहरा पहिल्यांदाच चुरगळलेला दिसला.

दुपारभर मी आईच्या पायाशी बसून होते. मजल्यावरचे झोपाळू एकेक करून उठले, पहिलं वाक्य बोलून घरी गेले. पांढरे कोट खुंटीला लागले. काचांवरचे पडदे कापसांनी उघडले, तर बाहेर खरीच संध्याकाळ झालेली. आतला उजेड आणि बाहेरचा उजेड एक झाले आणि कुठला कोणता ते ओळखू येईना. मला तेव्हा काय वाटत होतं? भीती वाटत होती. मी आपल्या दोघींचं वाटोळं केलं असं वाटत होतं. आणि तरी, त्या संथ श्वासाच्या शेजारी बसून मला इतकं शांत वाटत होतं की त्याची लाज वाटावी.

मग तिचा पाय हलला. आईने डोळे उघडले, छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी 'किती वाजले'ची वाट पाहत होते.

"तू पळत होतीस," आई म्हणाली.

कापूस पडद्याशी उभे होते, ते जागच्या जागी थिजले.

"अगं केवढ्याने पळत होतीस! आपल्याच घरात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दण दण दण दण. पायात बूट. हातात ताटली होती आणि ती चमच्याने बडवत होतीस. वरचा माणूस खाली येऊन भांडायला लागला, तर मी त्याला म्हटलं, पळू दे तिला." ती हसली. झोपेने तिचा आवाज जाड झाला होता. "एवढीशी होतीस. दात पडलेले. आणि काय हसत होतीस गं, खदाखदा. मी तुला असं हसताना कधी ऐकलंच नाही."

कापसांनी खिशातून चिठ्ठी काढली, 'तू पळत होतीस' असं लिहिलं आणि गादीच्या कोपऱ्याला टाचलं. ती गादी आता मोडीत जाणार हे त्यांना ठाऊक होतं. तरी टाचलं.

आई उठून बसली आणि खिडकीबाहेरचा अंधारू लागलेला रस्ता तिला दिसला. "अगं बाई! त्या तुझ्या मोठ्या बाई?"

"येऊन गेल्या."

"आणि?"

"तू झोपली होतीस."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. नर्सला एकदा पाहिलं की पुरतं. "मला उठवलं का नाहीस?" तिचा आवाज चढला, त्या मजल्यावर बहुधा पहिल्यांदाच कुणाचा तरी आवाज चढला असेल. "अगं कार्टे, एवढं काय माझ्या झोपेचं! मी काय उद्या झोपले नसते? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तुला स्वप्न पडत होतं," मी म्हटलं.

आईने मांडीवरच्या पांघरुणाची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. मग बॅज उचलून छातीशी लावला, केस बांधले. तिला पाळीवर जायचं होतं. त्या रात्रीही आणि दुसऱ्या रात्रीही. दिवसाचा वॉर्ड होता तिथेच, आमच्यापासून तेवढाच लांब राहिला होता.

आम्ही बाहेर आलो, सपाता टोपलीत टाकल्या, बूट चढवले. लिफ्टकडे जाणारा रस्ता गालिच्याचा नव्हता. फरशीचा, लांबच लांब, दोन्ही बाजूंना बंद दारं. मी सवयीने चवड्यांवर चालायला लागले. मागून आईचा आवाज आला नाही म्हणून वळले, तर ती दाराशीच भिंतीला टेकून उभी होती.

"पळ," ती म्हणाली.

"काय?"

"पळून दाखव. इथून तिथपर्यंत."

"आई, लोक आहेत."

"असू देत. पळ म्हणते ना."

मी दोन पावलं टाकली आणि टाच आपटली. तो आवाज ऐकून मीच दचकले. मग दुसरी आपटली. मग मी पळत सुटले, त्या अख्ख्या कंपनीच्या शांततेतून, दण दण दण, पुस्तकांची पिशवी पाठीवर आपटत होती, कुठलंतरी दार उघडून कुणीतरी डोकावलं. टोकाला पोचून मी धापा टाकत वळून पाहिलं. आईने डोळे मिटलेले होते आणि ती ऐकत होती.

"झालं?" मी ओरडून विचारलं.

"अजून एकदा," ती डोळे न उघडता म्हणाली. "आणि या वेळी हसत ये."